नांगराची शिष्टाई

शेतकऱ्याला सल्ला देणारे आज उदंड झाले आहेत. बी विकणारा देतो, खत विकणारा देतो. माती तपासून, फी घेऊन शेताचा आराखडा करून देणारे पदवीधरही सांगली-साताऱ्याकडे पाट्या लावून बसले आहेत. हा व्यवसाय आमच्या भागात कोणी रुजवला असे मला विचाराल, तर मी एका लोखंडी नांगराकडे बोट दाखवीन.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी हा नांगर १९०३ च्या सुमारास बेळगावात तयार केला. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत आले होते. नांगर हे पुढचे पाऊल. नांगर उत्तम होता, पण घेतो कोण? लोखंडाने जमिनीला विष होते, असा शेतकऱ्यांचा समज. जवळजवळ दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही.

वर्गात ही हकीकत सांगितली की मुले हसतात. मी त्यांना हसू देत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करी आणि मोडला तर बलुत्याच्या धान्यावर तोच दुरुस्त करी. लोखंडी फाळ ऐन हंगामात मोडला तर कुणाच्या दारात जायचे? एक पेरा चुकला की वर्ष गेले, आणि सावकार तर उंबऱ्यावर बसलेलाच. ‘विष’ या एका शब्दात हा सगळा हिशेब असावा, असे मला वाटते. सल्ला चुकला तर सल्ला देणाऱ्याचे काय जाते, हाच त्यामागचा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर व्याख्यानाने देता येण्यासारखे नव्हते; ते तासानेच द्यावे लागले. लाकडी नांगर काळ्या रानात जमीन नुसती उकरतो. दोन तासांमध्ये पट्टी तशीच राहते आणि तिच्यात हरळी-कुंद्याच्या मुळ्या सुखाने नांदतात. लोखंडी नांगराचा पंखा ढेकूळ मुळासकट उलथे पाडतो. मग चैत्र-वैशाखाचे ऊन उरलेले काम करते. पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्याच्या रानात हरळी दिसेनाशी झाली, की बांधावरचा माणूस न बोलता नांगराची किंमत विचारी.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. १९१० साली कुंडल स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या, सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. (आज औंध साताऱ्यात आणि कुंडल सांगलीत, सीमा बदलल्या, वाडी तिथेच आहे.) लक्ष्मणराव मुळात चित्रकला शिकायला मुंबईस गेले होते, पण रंगांची पारख डोळ्यांना होईना म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पंतप्रतिनिधी तर स्वतः चित्रकार. नांगराचा कारखाना दोन चित्रवेड्यांनी मिळून उभा केला, असे म्हटले तरी चालेल!

१९२० साली इथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. गिऱ्हाइकांना नि विक्रेत्यांना कारखान्याच्या मालाची माहिती द्यावी, एवढाच मूळ उद्देश. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० साली त्याला ‘स्त्री’ ही बहीण मिळाली. फराळाचे ताट बाजूला सारून आपण मासिके वाचतो, त्यांच्या घराण्यात एक नांगरही आहे.

आता घरातली गोष्ट. वाळव्याकडे माझ्या मामांची सव्वा एकर काळी जमीन. कृष्णेचे पाणी आले, उसावर ऊस झाला, आणि काही वर्षांनी रानावर पांढरे मीठ फुटले. एका दुकानदाराने माती न तपासताच जिप्सम टाकायला लावले. जिप्सम चोपण जमिनीचे औषध. मामांचे रान क्षारपड, खाली पाणी तुंबलेले; त्याला हवा होता निचरा. पैसे मातीत गेले आणि मामांचा सगळ्या शहाण्यांवरचा विश्वासही गेला.

पुढे एका तरुण कृषी पदवीधराने माती तपासून घेतली आणि छातीएवढा चर खणून सच्छिद्र नळ पुरायला सांगितले. नळाचे तोंड ओढ्यात काढायचे, तर वाटेत भावकीची चार राने! तिघांनी बांध ओलांडू दिला. चौथ्या काकांनी दोन वर्षे दाद दिली नाही. तो मुलगा फी न घेता दर अमावास्येला त्यांच्या ओसरीवर येऊन बसे. शेतीचा विषयही काढीत नसे. अखेर काकाच म्हणाले, “खण बाबा एकदाचा.”

नळातून पहिले पाणी आले त्या दिवशी सारी भावकी ओढ्यावर जमली होती. काकांनी धारेखाली बोट धरले, जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. मग त्या मुलाकडे वळून म्हणाले, “आमच्या अर्ध्या एकराला नळ किती फूट लागंल?”