देव आणि वैद्य : प्राचीन ग्रीकांची रोगकल्पना

रोग म्हणजे देवाचा कोप, ही समजूत ग्रीकांच्या सर्वांत जुन्या काव्यातच आढळते. ‘इलियड’च्या आरंभी अपोलोच्या पुजाऱ्याचा अपमान होतो, आणि त्या देवाचे बाण नऊ दिवस छावणीवर पडून सैन्यात साथ पसरते. उपाय एकच : अपराधाचे क्षालन. त्याच काव्यात अस्क्लीपियस हा मात्र देव नव्हे. तो एक निष्णात वैद्य आहे. पुढे ग्रीकांनी या वैद्यालाच देवपद दिले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

एपिडॉरस येथे त्याचे मोठे क्षेत्र होते. रोगी शुचिर्भूत होऊन, नैवेद्य अर्पून रात्री तेथील एका दालनात निजत. स्वप्नात देव येऊन रोग हरण करी, अशी श्रद्धा होती. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील तेथल्या शिलालेखांत एका डोळ्याने अंध असलेल्या अँब्रोसियाची कथा आहे. लंगडे-आंधळे स्वप्नाने बरे होतात, या गोष्टीला ती हसली. देवाने तिला दृष्टी दिली. पण अज्ञानाची आठवण म्हणून चांदीचे डुक्कर वाहावयास लावले! संशयी माणसे तेव्हाही होती, हे त्या शिलालेखानेच सांगून ठेवले आहे.

इ. स. पूर्व ४३० मध्ये अथेन्सला भयंकर साथ आली. देवळांतील प्रार्थना निष्फळ ठरल्या. रोग्यांच्या निकट राहणारे वैद्यच अधिक मेले. इतिहासकार थ्युसिडिडीस स्वतः त्या रोगातून उठला. त्याने कोपाची चर्चा न करता लक्षणे लिहून ठेवली, हेतू हा की तो रोग पुन्हा आल्यास लोकांना ओळखता यावा. त्याच अथेन्सने इ. स. पूर्व ४२० च्या सुमारास अस्क्लीपियसची आपल्या नगरात स्थापना केली.

हिपोक्रेटिसच्या नावावरील एका ग्रंथात तर अपस्माराला ‘पवित्र रोग’ म्हणणाऱ्या मांत्रिकांचा कठोर समाचार घेतला आहे. हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे ग्रंथकार म्हणतो. तथापि तो नास्तिक नव्हे. त्याच्या मते सर्वच रोग दैवी आणि सर्वच मानवी. अथेन्सचे सरकारी वैद्यही वर्षातून दोनदा अस्क्लीपियसला बळी अर्पण करीत, स्वतःसाठी आणि बरे केलेल्या रोग्यांसाठी.

तेव्हा ग्रीकांनी देव टाकून वैद्य स्वीकारला, असे म्हणणे आम्हांस बरोबर वाटत नाही. त्यांनी प्रश्न बदलला. ‘कोणाचा कोप?’ याच्या जोडीला ‘कशामुळे?’ हेही ते विचारू लागले. या दुसऱ्या प्रश्नातच त्यांचे वैद्यक जन्मले.