रविवार आणि धारावी बेट

सुट्टीच्या दिवसाला इतिहास असतो का? राजांना असतो, लढायांना असतो, किल्ल्यांना तर असतोच असतो. पण बायकामुलांना घेऊन सकाळी घराबाहेर पडावे, दिवसभर मजेत घालवावा आणि दिवेलागणीला थकून घरी यावे, एवढ्याशा गोष्टीला कसला आला आहे इतिहास, असे तुम्ही म्हणाल. वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. मुंबईच्या उत्तरेला भाईंदरपर्यंत गेले की पुरे.

भाईंदर स्टेशनावर पश्चिमेला उतरले की एक रस्ता मुर्धे, राई, मोर्वे ह्या गावांवरून डोंगरी, उत्तन करीत गोराईकडे जातो. दोन्ही बाजूंना खाजणे आणि मिठागरे, पुढे टेकडी, आणि टेकडीपलीकडे समुद्र. हा सगळा मुलूख म्हणजे जुने धारावी बेट. मुंबई शहरातली धारावी ती निराळी, ही निराळी. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला मनोरीची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. आज ह्या बेटाचा उत्तरेकडचा भाग मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहे आणि दक्षिणेकडची गोराई-मनोरी ही गावे बृहन्मुंबईच्या हद्दीत आहेत. पण हद्दीची रेषा कागदावर. सहलीला निघालेल्या कुटुंबाला ती दिसत नाही, आणि बेटावरच्या माणसांनाही ती फारशी मानवत नाही.

ह्या बेटावर रविवार तीन वाटांनी आला. त्या तीन वाटांची हकीकत म्हणजेच आपल्या सुट्टीच्या दिवसाची हकीकत.

त्याआधी इथे सुट्टी नव्हती काय? होती. पण ती वारावर अवलंबून नव्हती, ऋतूवर होती. बेटावरचा कोळी समुद्राच्या भरती-ओहोटीवर चालणारा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, जाळी विणायची, दुरुस्त करायची, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा कामाला लागायचे. मिठागरावरच्या माणसाचेही तसेच. पाऊस सरला की बांध घालायचे, खाडीचे पाणी घ्यायचे, उन्हावर आटवायचे आणि मीठ ओढायचे. आकाश स्वच्छ आहे आणि ऊन कडक आहे, तेव्हा आज रविवार आहे म्हणून मीठ काही थांबत नाही. ह्या लोकांचा विसावा पावसाळ्यात, आणि करमणूक जत्रेत. जत्रेत देवदर्शन झाले की मुलांसाठी लाकडी पाळणा असायचा. दोन धट्टेकट्टे गडी तो हाताने फिरवायचे. वर जाताना पोटात गोळा यायचा, खाली येताना आरोळी उठायची. आजच्या प्रचंड पाळण्यांत जो आनंद आहे, तोच तिथे थोड्या पैशांत मिळत होता.

पहिली वाट पोर्तुगीजांची. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेला. मागोमाग पाद्री आले, देवळे गेली आणि चर्चे उभी राहिली. उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरी ह्या गावांतली पुष्कळ वस्ती ख्रिस्ती झाली. तिची बोली मात्र मराठीच राहिली आणि चालीरीतीही पुष्कळशा जुन्याच राहिल्या. ह्या वस्तीत रविवार आला तो प्रार्थनेचा दिवस म्हणून. घंटा वाजली की ठेवणीतले लुगडे नेसून चर्चला जायचे आणि परत येताना गणगोताची विचारपूस करायची. हा रविवार सुट्टीचा नव्हे, देवाचा. पुढे १७३७ ते १७३९ ह्या काळात चिमाजी आप्पांची वसईची मोहीम झाली. खाडीचे तोंड राखणाऱ्या ह्या बेटासाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात मोठी झुंज झाली, आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. राज्य बदलले. पण चर्चची घंटा आणि तिच्याबरोबरचा रविवार बेटावर राहिला.

दुसरी वाट गिरणीची. ही समजून घ्यायला थोडे मुंबईत जावे लागेल. आगगाडी १८६४ साली गुजरातकडून ह्याच बाजूने, वसईची खाडी ओलांडून, मुंबईला पोचली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे रोजची एक गाडी सुरू झाली. त्याच सुमारास मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढत होत्या. गिरणीतला दिवस कसा होता? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त. आठवड्याची सुट्टी म्हणून नाही. यंत्र साफ करायला थांबवले किंवा मोठा सण आला, तरच विसावा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या खऱ्या, पण त्या मुलांना. आईबापांना नाहीत. म्हणजे मूल घरी आणि आईबाप साच्यावर. असल्या सुट्टीत कुटुंबाची सहल कुठली निघणार?

हे चित्र बदलायला जो माणूस झटला त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला हा कार्यकर्ता. काही काळ त्यांनी मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केली होती, तेव्हा कामगाराचे हाल त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, डोळ्यांनी पाहिलेले होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र चालवले आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्या वर्षी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. मागण्या काय होत्या, ऐका. आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास जेवणाची सुट्टी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर काहीतरी भरपाई व्हावी. आज वाचताना ह्यात अवाजवी एकही अक्षर दिसत नाही. तरी सहा वर्षे झगडावे लागले.

एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या. हे विसरू नका. त्या काळी स्त्रीने सभेत तोंड उघडणे म्हणजे काय होते, ते आजच्या मुलींना सांगूनही पटायचे नाही. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्याने, आठवड्याच्या सुट्टीला सरकारी आधार मिळाला. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना वारले. रविवारच का, ह्याचेही एक कारण सांगतात. महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्यांच्या घरोघरी खंडोबा, आणि रविवार हा खंडोबाचा वार. म्हणजे उत्तनच्या चर्चचा रविवार आणि जेजुरीचा रविवार असे दोन्ही एका दिवशी जुळून आले म्हणा ना!

सुट्टी मिळाली, पण पहिली काही वर्षे ती धुणे, बाजार आणि झोप ह्यांतच जाई. हळूहळू माणसे घराबाहेर पडू लागली. १८६२ साली उघडलेली भायखळ्याची राणीची बाग, चौपाटी, जुहू, आणि पुढे १९५२ मध्ये मलबार हिलवर झालेला म्हातारीचा बूट. विजेची गाडी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत गेली, तेव्हा वसई, भाईंदर, मनोरी ही नावे सहलीच्या यादीत चढली. ह्या सहलींत एक गोष्ट मात्र ठरलेली होती. बाकी सगळे सहलीला जायचे आणि घरातली बाई सहलीचा स्वयंपाक घेऊन जायची. पहाटे चारला उठून पुऱ्या तळायच्या, बटाट्याची भाजी करायची, चटणी-लोणचे बांधायचे, तिथे पोचल्यावर वाढायचे, आणि परत आल्यावर डबे घासायचे. रविवार आला होता, पण तो चुलीपर्यंत पोचला नव्हता.

आता तिसरी वाट. तिचा उगम परदेशात आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १८४३ साली टिव्होली नावाची करमणुकीची बाग निघाली. तिच्यात झाडे, संगीत, उपाहारगृहे आणि खेळणी एकाच कुंपणात होती. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचा लोखंडी आकाशपाळणा उभा केला. आपला जत्रेतला पाळणाच तो, पण वाफेच्या बळावर फिरणारा. मग १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड उघडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच्या शेजारी हॉटेल सुरू झाले. ही जोडी नीट ध्यानात घ्या. बागेत दिवसभर खेळायचे, तिथेच जेवायचे, तिथेच झोपायचे. घर म्हणून जे जे काम असते, ते सगळे एक दिवस दुसऱ्यावर सोपवायचे.

आपल्याकडे ही कल्पना पोचायला तीस वर्षे लागली. दिल्लीत १९८४ मध्ये अप्पूघर निघाले. आणि १९८९ मध्ये आपल्या ह्या बेटावर, गोराईला, एस्सेलवर्ल्ड उघडले. १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम हे पाण्याचे उद्यान झाले. मुंबईकर मार्वे किंवा बोरिवलीच्या बाजूने लाँचमध्ये बसून खाडी ओलांडायचे, आणि मीरा-भाईंदरकर रस्त्याने उत्तनवरून यायचे. झिपर डिपर नावाची गाडी माणसांना उंच चढवून खाली सोडून द्यायची. वर नेण्यापुरतेच यंत्र, पुढे सारा धावण्याचा जोर वजनाचा. पाण्याच्या बागेत कृत्रिम लाटा यायच्या, आणि जवळ खरा समुद्र असूनही मुले ह्या लाटांतच तासन् तास डुंबायची. साहजिकच आहे. खऱ्या समुद्राला खोली असते, ओढ असते. इथे आईला काठावर निर्धास्त बसता येत होते.

त्याच काळात भाईंदरचा परिसरही बदलला. १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. दोन खोल्यांत राहणाऱ्या ह्या नव्या वस्तीला मोकळी जागा हवी होती. उत्तन-गोराईच्या रस्त्यावर लहानमोठी रिसॉर्टे निघाली. सकाळी नाश्ता, दुपारी जेवण, पोहण्याचा तलाव आणि झाडाखाली खाट, असा एक दिवसाचा बेत. पुढे खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका हे मोठे उद्यान उघडले आणि २०१५ मध्ये त्याला लागून हॉटेल झाले. डिस्नेची बाग-हॉटेलाची जोडी अशी महाराष्ट्रात आली.

ह्या नव्या सुट्टीने काय दिले? माझ्या मते, सर्वांत मोठी देणगी पाळण्याची नव्हे, तयार ताटाची आहे. एक दिवस का होईना, घरातल्या बाईच्या हातात झारा नाही. ती खुर्चीवर बसली आहे आणि दुसरे कोणी तिला गरम पोळी वाढते आहे. १८९० साली सभेत उभ्या राहिलेल्या त्या दोन स्त्रियांनी जी सुट्टी मागितली, ती पुरी व्हायला इतका काळ जावा लागला!

पण जमेबरोबर खर्चही मांडला पाहिजे. जत्रेत दर पाळण्याला वेगळा पैसा होता. दोन पैसे खिशात असले तरी एक फेरी मिळे. बागेत दाराशीच मोठे तिकीट. चार माणसांच्या घराला ते एकदम भरावे लागते, आणि ज्याला ते झेपत नाही तो कुंपणाबाहेरच राहतो. गोराईच्या ज्या मुलांच्या गावात ही बाग झाली, त्यांतली कित्येक मुले तिची आरोळी घरी बसूनच ऐकत असणार. आणि दुसरे म्हणजे, तुमच्या विसाव्यासाठी कोणीतरी राबत असते. लाँच चालवणारा, तलावावर डोळ्यांत तेल घालून उभा राहिलेला जीवरक्षक, हॉटेलातला वाढपी, खोल्या झाडणारी बाई, ह्यांचा रविवार हा सगळ्यांत जास्त कामाचा दिवस. बेटावर पर्यटनाच्या मोठमोठ्या योजनांचे बोलणे निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. त्यामागे जमीन, पाणी आणि मासेमारी ह्यांची काळजी होती. पाहुण्याची सुट्टी आपल्या संसारावर उठू नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

कायद्यानेही हा प्रश्न ओळखलेला आहे. १९४२ च्या साप्ताहिक सुट्टीच्या कायद्यात दुकानांबरोबर उपाहारगृहे आणि नाटकगृहेही आली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना वर्षाचे सगळे दिवस उघडे राहण्याची मुभा दिली. पण प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग चोवीस तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे, असेही त्यात घातले. म्हणजे रविवार सर्वांचा एकाच दिवशी येणार नाही, पण प्रत्येकाच्या वाट्याला आला पाहिजे. लोखंड्यांच्या मागणीचा हा आजचा अर्थ आहे.

कोविडच्या साथीनंतर एस्सेलवर्ल्डची चक्रे थांबली, शेजारचे वॉटर किंगडम चालू राहिले. ज्यांचे बालपण त्या पाळण्यांवर गेले ते आज आपल्या मुलांना त्याच्या गोष्टी सांगतात. जवळच २००९ मध्ये विपश्यना पॅगोडा उघडला. आठ हजार माणसे एकाच खांबविरहित घुमटाखाली मुकाट्याने बसतील एवढी ती जागा आहे. आरोळ्यांची बाग आणि मौनाचा घुमट शेजारी शेजारी! विसाव्याच्या कल्पना तरी किती तऱ्हेच्या असाव्यात!

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी तुम्ही बेटाकडे गेलात तर खुशाल जा. मुलांना पाण्यात सोडा, झाडाखाली पडा, ताटात येईल ते आनंदाने खा. फक्त ताट आणून ठेवणाऱ्याला एकदा विचारा, ‘काय हो, तुमची सुट्टी कोणत्या वारी?’ त्याने चटकन एखाद्या वाराचे नाव सांगितले, तर समजा, १८९० ची ती सभा वाया गेली नाही. आणि तो नुसताच हसला, तर त्या सभेचे काम अजून शिल्लक आहे.