कपाळीचे लेखन आणि कात्रजचे पाणी

मूल जन्मले की पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. म्हणून तर पाचवीच्या पूजेत कोरा कागद नि लेखणी ठेवतात. आता सटवाईचे नाव कमी ऐकू येते. पण तीच गोष्ट नव्या भाषेत सांगतात. 'त्याच्या मेंदूची घडणच तशी, तो तरी काय करणार?' म्हणजे लेखन कपाळावरून दोन बोटे आत सरकले, एवढेच! हे खरे धरले तर मुलाला शाबासकी कशाची द्यायची, आणि दारू सोडू पाहणाऱ्याला धीर तरी कसला द्यायचा?

या शंकेला बळ दिले ते एका प्रयोगाने. १९८३ साली अमेरिकेत बेंजामिन लिबेट यांनी काही माणसांना, वाटेल तेव्हा मनगट हलवा, असे सांगितले. 'आता हलवावे' असे त्यांना वाटण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत विजेची चाहूल दिसली! तेव्हापासून काही विद्वान म्हणू लागले, की ठरवतो मेंदू, आणि आपल्याला फक्त वाटते आपण ठरवले म्हणून.

पण लिबेट यांचे स्वतःचे मत तसे नव्हते. उरलेल्या क्षणात माणूस 'नको' म्हणू शकतो, असे ते मानत. पुढे २०१२ साली आरोन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ती चाहूल म्हणजे झालेला निर्णय असेलच असे नाही. मेंदूत सतत चालणारी चढउतारही तशीच दिसू शकते. शिवाय बघा, मनगट केव्हा हलवावे याला कारण ते काय असणार? मुलीला पुढे शिकवावे की नाही, हे मात्र आपण महिना महिना विचार करून ठरवतो. तो विचार मेंदूतच होतो, हे खरे. म्हणून तो आपला नव्हे असे म्हणणे, म्हणजे भाकरी मी खाल्ली नाही, माझ्या तोंडाने खाल्ली, असे म्हणण्यासारखे आहे.

हा वाद मराठीत नवा नाही. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११च्या हिवाळ्यात, त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्याचे दहावे प्रकरण आहे 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य'. तुरुंगाबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक नसलेला माणूस तेथे स्वातंत्र्याचा विचार करीत होता! कर्माचा नियम तुटत नाही, तरी प्रयत्नाला जागा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. ते स्वातंत्र्य त्यांनी आत्म्याचे मानले. मेंदूचे शास्त्र आत्म्याविषयी बोलत नाही. पण अभ्यासाने माणूस बदलतो, एवढे दोघेही सांगतात. शिकताना, सराव करताना मेंदूतील जोडण्या खरोखर बदलतात.

नियम आणि स्वातंत्र्य एकत्र कसे नांदतात, ते कात्रजला पाहावे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात तेथल्या तलावाचे पाणी बांधीव नळातून पुण्याच्या हौदांपर्यंत आणले. पंप नव्हता, काही नव्हते. पाणी उताराकडेच धावते. तो नियम कोणी मोडला नाही. तो ओळखून पाण्याला वाट करून दिली.

प्रत्येकाच्या वाट्याला सारखा उतार येत नाही, हेही खरेच. आजार, व्यसन, लहानपणीची उपासमार यांनी विचाराची वाट अडते. १८६०च्या दंडसंहितेने, आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही, मनोविकारामुळे आपण काय करतो हेच ज्याला कळत नव्हते, त्याला त्या कृत्यासाठी गुन्हेगार मानलेले नाही. म्हणजे स्वातंत्र्य ही कमीजास्त असणारी, आणि वाढवता येणारी, शक्ती आहे.

तेव्हा गुरुजी, 'याच्या डोक्यात शिरतच नाही' असे म्हणण्याआधी थोडे थांबावे. कपाळाआडचा तो मेंदू अजून घडतो आहे, आणि त्याला वाट करून देणाऱ्यांत आपणही आहोत.