बोलणे कसे कळते : हॅस्किन्स प्रयोगशाळेतील शोध

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना छापील मजकूर वाचता यावा, यासाठी न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत १९४०च्या दशकाच्या मध्यास एका वाचनयंत्राचे काम सुरू झाले. प्रत्येक अक्षराला ठरावीक नाद द्यायचा आणि तो कानांनी वाचायचा, अशी योजना होती. फ्रँकलिन कूपर आणि मानसशास्त्रज्ञ ॲल्विन लिबरमन यांनी नाना प्रकारचे नाद वापरून पाहिले. पण वेग वाढवला की ते एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरे. बोलण्यातले ध्वनी मात्र सेकंदाला दहा-पंधरा आले तरी सहज कळतात.

या कोड्याच्या उकलीसाठी कूपर यांनी ‘पॅटर्न प्लेबॅक’ हे यंत्र बनवले. पारदर्शक पट्टीवर रंगाने काढलेल्या ध्वनिआलेखाचे ते प्रकाशाच्या साहाय्याने पुन्हा आवाजात रूपांतर करी. त्यामुळे आलेखातील एकेक रेघ बदलून तिचा कानावर होणारा परिणाम तपासता येऊ लागला. इंग्रजीतील ‘डी’ आणि ‘डू’ यांतला ‘ड’ ऐकायला एकच. पण आलेखातील आडव्या पट्ट्यांपैकी दुसऱ्यातली त्याची रेघ एकात वर चढते, तर दुसऱ्यात खाली उतरते. व्यंजन उच्चारतानाच तोंड पुढच्या स्वराच्या तयारीला लागते आणि एका ध्वनीची खूण शेजारच्या ध्वनीत मिसळते. अक्षरांसारखे सुटे तुकडे बोलण्यात नसतातच.

१९५७ साली लिबरमन व सहकाऱ्यांनी ‘ब’पासून ‘ड’मार्गे ‘ग’पर्यंत समान टप्प्यांनी बदलणारे १४ ध्वनी ऐकवले. श्रोत्यांना हळूहळू होणारा बदल जाणवला नाही. तीन स्वच्छ गट ऐकू आले. अशा प्रयोगांवरून, श्रोता आवाजातून बोलणाऱ्याच्या जिभेच्या व ओठांच्या हालचाली ओळखतो, असा सिद्धांत लिबरमन यांनी मांडला.

त्याची कसोटी पुढे इतरत्र लागली. १९७१मध्ये पीटर आयमस व सहकाऱ्यांना एक व चार महिन्यांची बाळेही ‘ब’ आणि ‘प’ यांत अशीच सीमा पाळताना आढळली. पण १९७५मध्ये पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी चिंचिला या कृंतक प्राण्याला ‘ड’ आणि ‘ट’ यांतला फरक शिकवला, तेव्हा त्याचीही सीमा जवळजवळ माणसाइतकीच निघाली. ही क्षमता केवळ माणसाच्या वाणीची देणगी आहे, या कल्पनेला त्याने धक्का बसला.

भाषेगणिक कान कसा घडतो, हे १९८४मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवले. हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक मराठीभाषकांनाही उपजत वाटतो. इंग्रजीभाषक घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळेही तो ओळखत. वर्षाच्या होईपर्यंत मात्र त्यांतल्या बहुतेकांची ती ओळख ओसरलेली असे.