निकटतेचे मूल्य : डायल-अप बुलेटिन बोर्ड आणि स्मरणरंजन

'नॉस्टॅल्जिया' या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत रूढ झालेला 'स्मरणरंजन' हा शब्द मूळ संज्ञेतील वेदना गाळून टाकतो. वैद्यकाचा विद्यार्थी योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथील आपल्या प्रबंधात ही संज्ञा घडविली, तेव्हा 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द तिच्यात सांधलेले होते आणि ती एका आजाराचे नाव होती. मराठी शब्दाने वेदनेच्या जागी रंजन आणले. हा भेद केवळ पर्यायी शब्दाच्या निवडीपुरता नाही. गतकाळाच्या स्मरणात काय राखले जाते आणि काय गाळले जाते, हा प्रश्न त्यात अनुस्यूत आहे. इंटरनेटपूर्व अमेरिकेतील डायल-अप बुलेटिन बोर्डांविषयी जे स्मरणपर लेखन आणि चित्रण गेल्या काही दशकांत झाले, ते या प्रश्नाच्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

बुलेटिन बोर्ड म्हणजे एखाद्याच्या घरातील वैयक्तिक संगणक, त्याला जोडलेला मोडेम आणि साधी दूरध्वनीची तार. दुसऱ्याने आपल्या संगणकावरून त्या क्रमांकाला दूरध्वनी लावावयाचा, आधीचे संदेश वाचावयाचे, आपला संदेश ठेवावयाचा आणि तार मोकळी करावयाची. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी शिकागो येथे सुरू केलेला 'सीबीबीएस' हा अशा प्रकारचा पहिला सार्वजनिक फलक मानला जातो. जानेवारी १९७८ मधील हिमवादळाने शहर ठप्प झाले असता त्याची जुळवाजुळव सुरू झाली आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो खुला झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'बाइट' मासिकात दोघांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढील प्रतिमान हौशी संगणकप्रेमींच्या मंडळातील बुचाच्या फळ्याचे होते. टाचणीने चिठ्ठी लावावी तसा संदेश लावावयाचा. नव्या माध्यमाने आपले रूप जुन्या लेखनव्यवहाराकडून उसने घेतले, ही बाब वाङ्मयाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

या लेखनव्यवहाराची लय यंत्राने ठरविली होती. ३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला सुमारे तीस अक्षरे येत. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळींचा पडदा पूर्ण भरण्यास मिनिटाहून अधिक काळ लागे. वाचकाच्या डोळ्यांसमोर ओळ घडत जाई, आणि ती नजरेने ओलांडून पुढे जाण्याची मुभा त्याला नव्हती. शिवाय तार एकच असल्यामुळे बहुसंख्य फलकांवर एका वेळी एकालाच प्रवेश मिळे. संवाद म्हणून जो आज आठवला जातो, तो प्रत्यक्षात एकामागून एक येणाऱ्या एकाकी वाचकांनी एकमेकांसाठी मागे ठेवलेल्या मजकुरांचा क्रम होता.

स्मरणपर लेखनात या फलकांचा जो गुण सर्वाधिक गौरविला जातो तो निकटतेचा. फलकावर येणारी माणसे बहुधा एकाच शहरातील असत. त्यांतील काही पुढे प्रत्यक्ष भेटत. फलक चालविणारा 'सिसॉप' नावाने ओळखीचा असे. परंतु ही निकटता कोणत्या सामाजिक आदर्शातून आली नव्हती. ती दूरध्वनीच्या दरपत्रकातून आली होती. अमेरिकेत अनेक ठिकाणी ठरावीक मासिक आकारात स्थानिक संभाषण हवे तितका वेळ करता येई, तर लांब अंतराच्या संभाषणाला मिनिटागणिक पैसे पडत. सामान्य माणसाला आपले उपकरण दूरध्वनीच्या जाळ्याला जोडता येणे, हेही आपोआप घडलेले नव्हते. १९६८ च्या 'कार्टरफोन' निर्णयाने त्याचा मार्ग मोकळा केला होता. घरातील कोपऱ्यात बसून एकट्याने जग उभारणाऱ्या हौशी माणसाची जी प्रतिमा स्मरणात ठसली आहे, तिच्यामागे सार्वजनिक नियमनाची ही चौकट उभी होती.

ज्या स्थानिकतेचा आज शोक केला जातो, ती त्या काळातील माणसांना मर्यादा वाटत होती, हे फिडोनेटच्या इतिहासावरून दिसते. टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथून हे जाळे सुरू केले. रात्री दर उतरले की एका फलकाने दुसऱ्याला दूरध्वनी लावावयाचा आणि दिवसभराचे संदेश एकगठ्ठा पोचवावयाचे, अशी त्याची रचना होती. १९८६ मध्ये जेफ रश यांच्या 'एकोमेल'मुळे एकाच विषयावरील चर्चा अनेक शहरांतील फलकांवर चालू लागली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास या जाळ्यातील केंद्रांची संख्या तीस हजारांहून अधिक झाली. या साऱ्या खटाटोपाची प्रेरणा दूरत्वाची होती. स्मरणरंजन आपल्या विषयाचा हेतूच येथे उलटा करते. दूर पोचण्यासाठी धडपडणाऱ्यांना ते जवळिकीचे उपासक ठरविते.

ही जवळीक निर्वैर होती, असेही म्हणता येणार नाही. इतरांना फाजील त्रास देऊ नये आणि आपणही चटकन त्रासून जाऊ नये, अशा आशयाचे मार्गदर्शन फिडोनेटच्या नियमावलीत करावे लागले होते. सिसॉपची सत्ता तर निरंकुश होती. संगणक त्याचा, तार त्याची आणि खर्चही बहुतांशी त्याचाच. मात्र ज्याला ती जाचक वाटे त्याला दुसरा क्रमांक लावता येई, किंवा ऐपत असल्यास स्वतःचा फलक उघडता येई. 'ऐपत असल्यास' हे शब्द महत्त्वाचे आहेत. संगणक, मोडेम आणि तासन्‌तास अडवून ठेवता येईल अशी तार ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना या आठवणींत जागा नाही, कारण त्यांना त्या फलकांवरही जागा नव्हती.

तरीही या स्मरणाला केवळ भ्रम म्हणून निकालात काढणे चुकीचे ठरेल. जेनिंग्ज हे १९८८ पासून 'होमोकोर' या समलिंगी पंक वर्तुळातील लघुनियतकालिकाचे एक संपादक होते. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी सिस्टर मेरी एलिझाबेथ यांनी कॅलिफोर्नियात चालविलेल्या 'एजिस' या फलकाने एड्सविषयीची माहिती अशा लोकांपर्यंत नेली, की ज्यांना ती उघडपणे मागणे कठीण होते. अशा माणसांच्या लेखी फलक ही करमणूक नव्हती, गरज होती. इंटरनेटचा रूढ इतिहास १९६९ च्या अर्पानेटपासून, म्हणजे सरकारी निधी आणि विद्यापीठे यांच्यापासून सुरू होतो, आणि त्यात या लेखनाला स्थान उरत नाही. जेसन स्कॉट यांचा २००५ मधील माहितीपट आणि केव्हिन ड्रिस्कॉल यांचा 'द मोडेम वर्ल्ड' (२०२२) हा ग्रंथ यांनी ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे.

स्व्हेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' या ग्रंथात गमावलेले घर पुन्हा उभारू पाहणारा आणि गमावण्याच्या अनुभवावरच चिंतन करणारा, असे नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार कल्पिले. बुलेटिन बोर्डांच्या बाबतीत पहिला प्रकार सहज वश होतो. संथ मोडेम आणि लहानसा फलक परत आणला की हरवलेला समाजही परत येईल, असे त्याला वाटते. दुसऱ्या प्रकाराला दूरध्वनीचे बिलही आठवावे लागते. ती निकटता कोणी, कोणत्या दराने आणि कोणाला वगळून विकत घेतली होती, हे त्या बिलावरून कळते. मोठ्या मालकीच्या मंचांवर आज जे लिहिले जाते त्याची चिकित्सा करू पाहणाऱ्याला जुन्या फलकांकडून काही घ्यावयाचे असेल, तर ते त्यांच्या उबेपेक्षा या हिशेबातून अधिक मिळण्याजोगे आहे.