कुळवृत्तांतात न लिहिलेली ओळ

होळकर, शिंदे, पवार आणि गायकवाड यांच्याबरोबर अठराव्या शतकात आपली अनेक घराणी माळव्यात, ग्वाल्हेरीस आणि बडोद्यास आली. जहागिरी गेल्या, वाडे पडले, पण वंशावळ राहिली. आमच्यापैकी बऱ्याच घरांत आजही कापडात गुंडाळून ठेवलेला कुळवृत्तांत निघतो. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोणाला इनाम मिळाले, कोण दत्तक गेले, सारे त्यात असते. एक गोष्ट मात्र सहसा नसते. महिना महिना अंथरुणातून न उठणारे काका, पाच रात्री न झोपता घर विकायला निघालेले आजोबा, ऐन तिशीत गेलेली आत्या, यांच्या नावापुढे जागा कोरी असते. फार तर ‘अकाली निधन’ एवढे दोन शब्द.

बोलण्यात मात्र आम्ही त्यांना विसरलो नाही. ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते’ हे वाक्य स्थळ पाहताना हलक्या आवाजात आम्ही सर्वांनीच ऐकले आहे. शाळेत एका जागी न बसणाऱ्या मुलाला ‘अगदी आजोबांवर गेलाय’ असे हसत म्हटले, तेही तेच वाक्य होते. या वाक्यात खरे किती आणि ऐकीव किती, याचा शोध जगात दीडशेहून अधिक वर्षे चालला आहे. तो इतिहास आपल्यासारख्या जुन्या घरांनी वाचावा असा आहे.

१८५४ साली पॅरिसचे डॉक्टर फालरे यांनी उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजाराचे वर्णन केले आणि तो घराण्यांत उतरतो असेही नोंदवले. १८९९ मध्ये जर्मनीच्या एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला स्वतंत्र स्थान दिले. आज त्याला आपण बायपोलर किंवा द्विध्रुवीय विकार म्हणतो. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी ४३ मुलांची हकीकत व्याख्यानांतून मांडली. ही मुले बुद्धीने कमी नव्हती, पण त्यांचे लक्ष टिकत नव्हते आणि मनाला लगाम नव्हता. एडीएचडीचा इतिहास बहुधा इथूनच सांगतात. या मुलांच्या रक्ताच्या नात्यांत नैराश्य आणि आत्महत्या जास्त आढळतात, हेही स्टिल यांच्या नजरेतून सुटले नाही. लक्षाचा विकार आणि मनःस्थितीचा विकार एकाच अंगणात दिसतात, ही गोष्ट म्हणजे शंभर वर्षांहून जुनी आहे.

मग या ज्ञानाला वाईट हात लागले. १९१७ मध्ये क्रेपेलिन यांनी म्युनिकला मनोविकार संशोधन संस्था उभारली. तिच्या वंशावळ विभागाचे प्रमुख एर्न्स्ट र्‍यूडिन यांनी हजारो कुटुंबांच्या नोंदी जमवल्या. १४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने ‘आनुवंशिक रोगी संतती प्रतिबंधक’ कायदा केला. त्याच्या यादीत उन्माद-नैराश्याचा आजार नावानिशी होता आणि कायद्याच्या भाष्यकारांत र्‍यूडिन होते. सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. पुढे मनोरुग्णांच्या हत्याही झाल्या. काळजीने लिहिलेली वंशावळ न्यायनिवाड्याचा कागद झाली की काय होते, याचा याहून कठोर दाखला नाही. घराण्यातली गोष्ट लपवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, हे इथे मान्य केले पाहिजे.

वंशावळीचा दुसरा उपयोगही इतिहासात आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्यात आमिश पंथाचे लोक राहतात. अठराव्या शतकात युरोपातून आलेली मोजकी कुटुंबे, लग्ने आपसांत, दारूला मनाई, प्रवासाला घोडागाडी, आणि प्रत्येकाच्या पूर्वजांची बारकाईने ठेवलेली नोंद. १९७६ पासून जॅनिस एगेलँड यांनी त्यांच्यात अभ्यास सुरू केला. आमिश लोक या आजाराबद्दल आपल्या बोलीत म्हणत, ‘सिस इम ब्लूट’, म्हणजे रक्तातच आहे. आपल्याच घरातले वाक्य!

तिथल्या उन्मादाची लक्षणेही त्यांच्या राहणीतून ओळखावी लागली. घोडागाडी बेफाम हाकणे, पंथाला न चालणारी यंत्रे घेणे, सार्वजनिक टेलिफोनचा अतिवापर. हे न कळल्यामुळे इस्पितळांत अनेकांचे निदान चुकले होते. १८८० ते १९८० या शंभर वर्षांत त्या समाजात २६ आत्महत्या झाल्या आणि त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश अवघ्या चार घराण्यांत होत्या. पण याच अभ्यासात अशीही घराणी सापडली, जिथे नैराश्य आणि उन्माद भरपूर होता, तरी आत्महत्या एकही नव्हती. आजाराचा ओढा उतरतो, शेवट ठरलेला नसतो, हे यातून दिसले.

१९८७ मध्ये याच समाजाच्या एका मोठ्या कुटुंबावरून जाहीर झाले की आजाराचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असावे. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. दोनच वर्षांत कुटुंबातील आधी निरोगी धरलेल्या दोन व्यक्ती आजारी पडल्या, आणखी नातेवाईक तपासले गेले आणि तो पुरावा कोसळला. एकच दोषी जनुक नाही, हे हळूहळू स्पष्ट झाले. २०१९ मध्ये एडीएचडीशी निगडित १२ आणि २०२१ मध्ये बायपोलरशी निगडित ६४ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी लहान. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात एडीएचडी, नैराश्य आणि बायपोलर यांच्या जनुकीय मुळांत काही भाग समान असल्याचेही दिसले.

आकड्यांत सांगायचे तर बायपोलर विकार सर्वसाधारणपणे शंभरात एकाला होतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल, तर शंभरात साधारण पाच ते दहा जणांना. म्हणजे धोका वाढतो हे खरे, आणि नव्वदांहून अधिक जण त्यातून सुटतात हेही खरे. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. ‘घराण्यात आहे’ हे वाक्य खरे आहे, पण ते अर्धेच आहे.

मग आम्ही काय करावे? लपवण्याची किंमत कोण मोजतो ते आधी पाहू. नैराश्याने खचलेली नात डॉक्टरांकडे जाते. आजोबांचे उन्मादाचे झटके तिला कोणी सांगितलेलेच नसतात. नुसते नैराश्याचे औषध अशा व्यक्तीत कधी उन्माद चेतवू शकते, म्हणून डॉक्टर घराण्याची चौकशी करतात, आणि आपण ‘तसे काही नाही’ म्हणतो. लिथियमने वडिलांना गुण आला असेल, तर मुलाच्या उपचारात तीही मोलाची माहिती असते. कोऱ्या ठेवलेल्या ओळीची किंमत पुढची पिढी मोजते.

लग्नाच्या बाजारापेक्षा कायदाही उदार आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा वधूवरांच्या स्वतःच्या मनःस्थितीपुरतेच बोलतो. काका-आत्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. आजार सांगायचा तो डॉक्टरांना आणि घरच्या सज्ञान मुलांना, चौकातल्या पारावर नव्हे. आमिश आणि म्युनिक यांतला फरक एवढाच आहे की नोंद कोणाच्या हाती आणि कशासाठी.

यंदा गौरी-गणपतीला घराघरांत चार पिढ्या एकत्र जमतील. जुन्या माणसांना एकदा शांतपणे विचारावे: कोणाला काय झाले होते, कोणत्या वयात, कशाने बरे वाटले? उत्तर वेगळ्या वहीत लिहून घरातच ठेवावे. आणि घरात आत्ताच कोणी खचले असेल, तर वहीची वाट पाहू नये. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मोफत मिळते.

ज्यांच्या नावापुढे आम्ही जागा कोरी ठेवली, ती माणसे आजारी होती, अपराधी नव्हती. कुळवृत्तांतात त्यांना एक ओळ आम्ही देणे लागतो.