नाव नसलेलं दुखणं

‘पाळीत पोट दुखायचंच’ असं नेरमध्ये आपणही पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. मूल झालं नाही की तिलाच वांझ ठरवलं. खरं तर 1860 मध्येच व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कींनी गर्भाशयाबाहेर वाढणाऱ्या अस्तराचं वर्णन केलं होतं. पाळीचं रक्त नलिकांतून उलटं पोटात जातं आणि अस्तर तिथे रुजतं, ही उपपत्ती अमेरिकेच्या सॅम्पसन यांनी 1927 मध्ये मांडली. हाच एंडोमेट्रिऑसिस. अमरावतीचं डफरीन आपल्याला जवळचं. पण तिथे बाई गेली ती बहुधा बाळंतपणालाच. आज सोनोग्राफीत सुटलेलं दुर्बिणीतून दिसतं. हार्मोनच्या गोळ्या दुखणं थोपवतात, मात्र त्या चालू असताना गर्भ राहत नाही. मूल हवं असेल तर शस्त्रक्रिया किंवा आयव्हीएफचा विचार होतो. पण पहिली तपासणी घरातच व्हायची असते: ती ‘दुखतं’ म्हणाली, तर आपण ते खरं मानतो का?